मुलगी समुपदेशनाला परत जायला तयार नाही आणि मी तिची डायरी वाचली आहे. आता काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी मुलगी १५ वर्षांची आहे. सहा महिन्यांपासून ती खोलीतच असते. चित्रं काढणं सोडलं, मैत्रिणींकडे जाणं बंद केलं, रात्री दोनपर्यंत जागी असते, काही विचारलं की अंगावर येते. गुणही घसरले. एकदा समुपदेशकांकडे नेलं. तिथे बराच वेळ मीच बोलत होते, ती दोन शब्द बोलली आणि घरी आल्यावर म्हणाली, 'परत येणार नाही.' मागच्या आठवड्यात मी तिची डायरी वाचली. त्यात एक ओळ होती: 'वाटतं झोपावं आणि उठूच नये.' मी वाचलंय हे तिला माहीत नाही. हे वयाचं आहे की आजार? तिला जबरदस्तीने न्यावं का? आत काय बोलतात ते मला कळेल का? औषधं द्यावी लागतील का?"

ताई, डायरीतली ती ओळ बाकी सगळ्या प्रश्नांच्या आधी येते, म्हणून तिथूनच सुरू करते. पुढचं उद्या वाचलंत तरी चालेल, हा भाग मात्र आत्ता वाचा.

'उठूच नये' असं लिहिणाऱ्या मुलीला मी नेहमी गंभीरपणे घेते. 'लक्ष वेधून घ्यायला लिहिलं असेल' असं मनात आलं असेल तर ते बाजूला ठेवा. जगणं नकोसं वाटणं, मरणाचा विचार येणं, कसं मरायचं हे ठरवणं आणि त्याची तयारी करणं, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. ती कोणत्या पायरीवर आहे हे डायरीवरून कळत नाही. तिलाच विचारावं लागतं, आणि तेही आडवळणाने नाही.

इथेच बहुतेक आईवडील थबकतात. तिच्या डोक्यात नसलेलं आपणच घालू, अशी भीती वाटते. ही भीती मी इतक्यांदा ऐकली आहे की तिचं उत्तर मला पाठ आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना विचारले नाहीत. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारल्यामुळे कोणाचा त्रास वाढला नव्हता, कोणाच्या मनात नवे विचार आले नव्हते. जी मुलं आधीपासून नैराश्यात होती, त्यांना विचारल्यावर उलट थोडं हलकं वाटलं होतं. इतक्या वर्षांत माझा अनुभवही हाच आहे. प्रश्न विचारल्यावर बहुतेक मुलांचे खांदे खाली येतात. कोणीतरी एकदाचं विचारलं.

समोरासमोर बसून विचारू नका. शेजारी शेजारी चालताना किंवा गाडीत असताना या वयाच्या मुलांना बोलणं सोपं जातं, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. शब्द साधे ठेवा: "काही महिने तू फार थकलेली वाटतेस. इतकं नको झालं की कधी मरून जावं असं मनात येतं का?" आणि मग गप्प बसा. ती शांतता लांबेल, ती भरून काढू नका. ती 'हो' म्हणाली तर पहिलं वाक्य एवढंच: "सांगितलंस ते बरं झालं." त्यानंतर विचारा: कसं करायचं हे कधी मनात आलं का? कधी तसा प्रयत्न केला का? आत्ताही तसं वाटतंय का? "आमचा विचार नाही आला तुझ्या मनात?" हे वाक्य कितीही ओठांवर आलं तरी गिळा. त्या एका वाक्याने मूल पुन्हा कुलूप लावून घेतं, आणि पुढच्या वेळी सांगत नाही.

कसं करायचं हे तिने ठरवलं असेल, साधन हाताशी असेल, आधी कधी प्रयत्न केला असेल, किंवा ती एकाएकी आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकू लागली असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तिला एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. त्या दिवशी तिची संमती मिळेपर्यंत थांबायचं नसतं.

उत्तर काहीही आलं तरी घरातली सगळी औषधं, आजीआजोबांच्या गोळ्यांसकट, आणि विषारी द्रव्यं आजच कुलपात ठेवा. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुतेक वेळा काही मिनिटं, फार तर काही तास टिकते. तेवढा वेळ साधन हाताला लागलं नाही तर लाट ओसरते. तिच्यावर अविश्वास आहे म्हणून हे करायचं नाही. घरात कोणी आजारी असताना आपण जशी काळजी घेतो तशीच ही आहे, आणि तिला हे उघड सांगितलंत तरी चालेल.

आता वय की आजार. पौगंडावस्थेत आईबापांपासून थोडं लांब जाणं, खोलीचं दार लावून घेणं, मित्रमैत्रिणींचं मत जास्त महत्त्वाचं वाटणं हे वाढीचाच भाग आहे. रात्री उशिरा झोप येणंही बऱ्याच अंशी शरीराचं आहे. या वयात झोप आणणारं मेलॅटोनिन संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, म्हणून 'अकरा वाजले, झोप' म्हणून तिला झोप येत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांचीच असते. पण वाढीतलं मूल आईपासून लांब जातं ते कशाच्या तरी जवळ जातं: मैत्रिणी, गाणी, खेळ, एखादं वेड. तुमची मुलगी तुमच्यापासून लांब गेली, मैत्रिणींपासूनही गेली आणि चित्रांपासूनही. मला काळजी वाटते ती या तिसऱ्या गोष्टीची. आवडत्या गोष्टीतली गोडी जाणं हे नैराश्याचं मोठं लक्षण आहे. मोठ्यांमध्ये नैराश्य म्हणजे उदास चेहरा, असं आपल्या डोळ्यांसमोर येतं. मुलांमध्ये ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं, आणि निदानाच्या निकषांमध्येही मुलांसाठी ही मुभा दिलेली आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ असं चाललं असेल तर तपासायला हवं. तुमच्याकडे सहा महिने झालेत.

तपासणी म्हणजे आधी साधा डॉक्टर. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्या. थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी असलं तरी थकवा, मरगळ, चिडचिड येते, आणि त्यावर महिनोन् महिने समुपदेशन केलं तर मुलीवर अन्याय होतो. शाळेत, ऑनलाइन किंवा नात्यात कोणी तिला त्रास देतंय का, हेही याच टप्प्यावर मनात ठेवा. मुलं ही गोष्ट सगळ्यात शेवटी सांगतात.

तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून एक आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सातांपैकी एका मुलाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. म्हणजे एका वर्गात चार-पाच मुलं. तुमच्या मुलीच्या वर्गातल्या इतर तीन-चार घरांतही कोणीतरी याच विचारात असणार.

आता त्या फसलेल्या पहिल्या भेटीकडे येते, कारण माझ्या मते सगळ्याची किल्ली तिथे आहे.

तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. अनोळखी खोली, अनोळखी माणूस. शेजारी आई बसून तिच्या सगळ्या उणिवा एकेक करून सांगते आहे: अभ्यास करत नाही, मोबाइल सोडत नाही, उलट बोलते. मग त्या अनोळखी माणसाने वळून विचारलं असेल, "बरं, तुला काय वाटतं?" ती काय बोलणार होती? तिच्या दृष्टीने निकाल लागून गेला होता, फक्त शिक्षा ऐकायची बाकी होती. दोष मी तुम्हाला देत नाही. तुम्ही घाबरलेल्या होतात, आणि घाबरलेली आई बोलते. बैठक सांभाळणं हे समुपदेशकाचं काम होतं. "ताई, आता थोडा वेळ आम्ही दोघी बोलतो" हे त्यांनी दहाव्या मिनिटाला म्हणायला हवं होतं.

मी पहिल्या भेटीत आईवडिलांशी आणि मुलाशी मिळून पंधराएक मिनिटं बोलते, उरलेला वेळ मुलाचा. आईवडिलांना जे सविस्तर सांगायचं असतं त्यासाठी वेगळी वेळ देते, आणि ती तशी दिली आहे हे मुलाला सांगते, म्हणजे पाठीमागे काही शिजतंय असं त्याला वाटत नाही. आईबाप बाहेर गेल्यावर मी 'तुझा प्रॉब्लेम काय' असं विचारत नाही. एक प्रसंग सांगते, तपशील बदलून. १४ वर्षांचा मुलगा, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, हातात पाण्याची बाटली, तिचं झाकण उघडतोय, लावतोय.

"इथे यायची कल्पना कोणाची?"

"आईची."

"तुला यायचं नव्हतं."

"नाही."

"तरी आलास. आईला कशाची काळजी वाटत असेल?"

"मोबाइल. मार्क. नेहमीचंच."

"आणि तुला कशाची?"

झाकण थांबलं. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "ती रात्री रडते. भिंतीतून ऐकू येतं."

आई म्हणत होती मुलाचा मोबाइल सुटत नाही. मुलगा मोबाइलवर होता तो ते रडणं ऐकू येऊ नये म्हणून, कानात हेडफोन घालून. पुढचे चार महिने आम्ही ज्यावर काम केलं ते सगळं त्या एका वाक्यातून आलं. हे वाक्य आई शेजारी असताना आलं नसतं. ती कितीही चांगली असली तरी.

म्हणून गुप्ततेचा प्रश्न. तुम्ही विचारलंत, आत काय बोलतात ते मला कळेल का. प्रामाणिक उत्तर: बहुतेक सगळं कळणार नाही, आणि ते कळत नाही म्हणूनच उपचार होतो. पण या गुप्ततेला कड आहे, आणि ती कड मी पहिल्याच दिवशी तुमच्या दोघींच्या समोर आखून देते. मुलीच्या जिवाला धोका असेल, तिच्याकडून दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तिचा छळ किंवा लैंगिक शोषण करत असेल, तर मी गप्प बसणार नाही. कायद्याने जिथे कळवणं बंधनकारक आहे तिथे कळवीन. त्याखेरीज, कोण आवडतं, कोणाशी भांडण झालं, आईचा राग का येतो, हे सगळं त्या खोलीतच राहील. आणि सांगायची वेळ आलीच तर आधी मुलीला सांगीन, मग तुम्हाला. बहुतेक वेळा मूल म्हणतं, "मीच सांगते, तुम्ही फक्त शेजारी बसा." तसं झालं की मला बरं वाटतं.

हे मी स्वतः चूक करून शिकले. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीने मला एका मुलाबद्दल सांगितलं होतं. धोक्याचं काहीच नव्हतं, त्या वयातलं प्रेम. तिच्या वडिलांनी फोनवर कळवळून विचारलं, आणि त्यांना धीर यावा म्हणून मी 'काळजीचं काही नाही, फक्त एक मुलगा आहे' असं बोलून गेले. संध्याकाळपर्यंत घरात वादळ. ती मुलगी परत आली नाही. पुढे दोन वर्षांनी तिला खरोखर मदत लागली तेव्हा ती कोणाकडेच गेली नाही, असं मला तिच्या आईकडून कळलं. त्या एका वाक्याची भरपाई मला करता आलेली नाही. तेव्हापासून ही कड मी फार जपते.

आईवडिलांना मग काय मिळतं? मुलगी येते आहे की नाही, साधारण कोणत्या दिशेने काम चाललं आहे, घरी काय बदलायला हवं आणि कोणत्या खुणा दिसल्या तर लगेच फोन करायचा, एवढं नक्की मिळतं. ते मिळत नसेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि सेशननंतर परतताना "काय बोललीस?" हे विचारू नका. "भूक लागलीय का?" हे विचारा.

आत नेमकं काय चालतं याची कल्पना यावी म्हणून एक लहानसा तुकडा दाखवते. सीबीटी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. विचार, भावना आणि वागणं यांची साखळी उलगडून पाहण्याची ही पद्धत ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना मांडली. एका मुलीने मैत्रिणीला मेसेज केला होता, तो वाचल्याच्या खुणा दिसत होत्या, पण चार तास उत्तर नव्हतं. तिने कागदावर लिहिलं: 'तिला मी नकोशी झाले आहे.' मी विचारलं, हे किती टक्के खरं वाटतं? ९०. मग आम्ही कागदाच्या डाव्या बाजूला या विचाराच्या बाजूचे पुरावे लिहिले आणि उजव्या बाजूला विरुद्धचे. डावीकडे दोन गोष्टी आल्या आणि त्या खऱ्या होत्या, मी त्या खोडल्या नाहीत. उजवीकडे पाच आल्या. शेवटी आकडा ५५ वर आला. शून्यावर आला नाही, आणि यायला नकोच होता. 'सकारात्मक विचार कर' असं सांगणं हे समुपदेशन नव्हे. ५५ टक्क्यांवर ती मैत्रिणीला फोन करू शकली, ९० टक्क्यांवर ती पांघरुणात शिरली असती. फोन करून पाहणं हा उपचाराचाच भाग होता.

नैराश्यात आणखी एक साधी गोष्ट फार उपयोगी पडते. आपण समजतो की आधी बरं वाटेल, मग माणूस उठून काहीतरी करेल. नैराश्यात हा क्रम उलटा लावावा लागतो. आधी अगदी लहान कृती, मनात नसताना, मग मागाहून थोडं बरं वाटणं. तुमच्या मुलीला मी 'चित्र काढ' असं सांगणार नाही, ते डोंगराएवढं वाटेल. रंगांची पेटी टेबलावर काढून ठेव, पुढच्या भेटीपर्यंत एवढंच, असं सांगीन. लोकांना हे फार थोडं वाटतं. माझ्यासाठी ती पेटी टेबलावर येणं ही आठवड्याची मोठी बातमी असते.

भावनांच्या लाटेत स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांसाठी डीबीटी ही, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी पद्धत आहे. मार्शा लिनेहान यांनी ती मोठ्यांसाठी विकसित केली, पुढे ॲलेक मिलर आणि जिल रेथस यांनी ती किशोरवयीन मुलांसाठी बेतली. मला त्यात सगळ्यात पटतं ते हे, की कौशल्यांच्या वर्गाला मुलाबरोबर आईबापही बसतात आणि तेच शिकतात. मैत्री, ब्रेकअप, एखाद्या जवळच्या माणसाचं जाणं, घरातले ताणतणाव यांतून नैराश्य आलं असेल तर आंतरवैयक्तिक उपचारपद्धती आहे, आणि घरातल्या नात्यांचा गुंता असेल तर कुटुंबोपचार. नावांत फार अडकू नका. पद्धत कोणतीही असली तरी मुलाचं आणि थेरपिस्टचं जमलं नाही तर ती चालत नाही. तीन-चार भेटींनंतरही मुलगी 'मला त्यांच्याशी बोलावंसं वाटत नाही' म्हणत असेल तर माणूस बदला. चांगला थेरपिस्ट याचं वाईट वाटून घेत नाही, उलट दुसरं नाव सुचवतो.

किती दिवस? नैराश्य किंवा चिंतेसाठी आखीव पद्धतीचं काम साधारण १२ ते १६ आठवडे चालतं, आठवड्याला एकदा. पहिल्या दोन-तीन भेटींत काही बदल दिसला नाही म्हणून सोडू नका. मधेच एखादा आठवडा आधीपेक्षा वाईट जातो, मूल चिडतं, रडतं. दाबून ठेवलेलं वर येताना असं होतं.

औषधांबद्दल. सौम्य नैराश्यात आधी समुपदेशन. मध्यम किंवा तीव्र असेल तर औषधाचा विचार करावा लागतो, आणि तो मानसोपचारतज्ज्ञांनी, म्हणजे वैद्यकीय पदवी असलेल्या डॉक्टरांनी करायचा असतो. समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. या विषयातला एक मोठा अभ्यास २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १२ ते १७ वयाच्या, मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४३९ मुलांचे चार गट केले. बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्या गटात ७१ टक्के मुलांना स्पष्ट फरक पडला, फक्त औषधाच्या गटात ६१ टक्क्यांना, फक्त सीबीटीच्या गटात ४३ टक्क्यांना आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटात ३५ टक्क्यांना. पण ३६ आठवड्यांनी पाहिलं तर सीबीटीच्या गटाने औषधाच्या गटाला गाठलं होतं. म्हणजे औषध लवकर हात देतं, संवादाचा उपचार हळू चढतो पण पोहोचतो, आणि दोन्ही मिळून सगळ्यात लवकर. तुमच्या मुलीच्या बाबतीत किती घाई आहे हे त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरेल.

एक सावधानता मी कोणापासून लपवत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ साली सगळ्या नैराश्यविरोधी औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. चाचण्यांमध्ये ही औषधं घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४ टक्क्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती दिसली, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये २ टक्क्यांमध्ये. त्या चाचण्यांत एकही मृत्यू झाला नव्हता. याचा अर्थ औषध टाळा असा नाही. पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावरचे दिवस डोळ्यांत तेल घालून पाहा, अस्वस्थता किंवा झोप उडणं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा, आणि गोळ्या तिच्या हातात न देता तुम्ही रोजच्या रोज द्या. स्वतःच्या मनाने बंद तर अजिबात करू नका.

आता जबरदस्ती. जिवाला धोका असेल तर न्या, रडली तरी न्या. धोका नसेल तर ओढून नेलेल्या मुलाकडून काही मिळत नाही. त्याऐवजी करार करा: "तीन भेटी. तिन्ही वेळा मी बाहेर बसेन. त्यानंतर पुढे जायचं की नाही हे तू ठरव, मी वाद घालणार नाही." आणि तो शब्द पाळा. समुपदेशक निवडताना दोघा-तिघांची माहिती काढून तिच्यापुढे ठेवा, स्त्री हवी की पुरुष, प्रत्यक्ष की ऑनलाइन, हे तिला ठरवू दे. 'तू बिघडली आहेस म्हणून' असा सूर नको. "तुला त्रास होतोय आणि तो कसा कमी करायचा हे मला कळत नाही, म्हणून मदत हवी" हे खरंही आहे आणि ऐकायला सुसह्यही. समुपदेशकांना फोनवर आधीच विचारा: किशोरवयीन मुलांबरोबर किती काम केलं आहे, प्रशिक्षण कशाचं आहे, आत्महत्येचे विचार असलेल्या मुलाबरोबर काय करता. शेवटच्या प्रश्नाला जो गडबडतो त्याच्याकडे आत्ता नेऊ नका.

तरीही ती नाहीच म्हणाली तर तुम्ही जा. हे मी समजूत घालायला सांगत नाही. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या गटाने चिंतेच्या आजाराच्या १२४ मुलांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. एका गटात मुलांना सीबीटी दिली, दुसऱ्या गटात थेरपिस्टने मुलांना पाहिलंच नाही, फक्त आईवडिलांबरोबर काम केलं. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. ती मुलं थोडी लहान होती आणि आजार चिंतेचा होता, तेव्हा नैराश्याला हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही, आणि जिवाच्या धोक्यात तर हा पर्याय नाहीच. पण घरातला एक माणूस बदलला की घरातली हवा बदलते, हे मी माझ्या खोलीतही पुष्कळदा पाहिलं आहे. ज्या घरात आई सहा आठवडे एकटी येत होती, त्या घरातली मुलगी सातव्या आठवड्यात विचारते, "तू तिथे जाऊन काय बोलतेस गं?" हे माझ्याकडे दोनदा झालं आहे.

घरी करण्यासारखं थोडं. दिवसातली दहा मिनिटं अशी ठेवा ज्यात अभ्यास, मोबाइल, झोप यांतलं काहीही निघणार नाही. तिच्या खोलीच्या दाराशी बसून तुम्ही तुमचं काही वाचत बसलात तरी चालेल. ती काही बोललीच तर लगेच उपाय सुचवू नका. "मग तू असं कर ना" हे वाक्य आपल्या तोंडून प्रेमाने निघतं, तिच्या कानावर ते 'तुला साधं एवढंही जमत नाही' असं पडतं. त्याऐवजी, "हे फारच जड गेलं असेल तुला," आणि थांबा.

थेरपिस्टबरोबर ती 'सुरक्षेचा आराखडा' तयार करेल. आत्महत्येचे विचार असलेल्या प्रत्येक मुलाबरोबर मी तो करते, बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी आखलेल्या पद्धतीने. एकच कागद, मुलाच्या अक्षरात. विचार यायला लागले की आधी काय होतं, मग मी एकटी काय करू शकते, कोणाच्या सोबत जाऊन बसू शकते, कोणाला सांगू शकते, कोणत्या डॉक्टरला फोन करायचा, घरातलं काय दूर ठेवायचं. एका मुलीने तो घडी घालून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवला होता. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: 'दार लावून गाणं मोठं केलं की समजायचं.' तिच्या आईला तोवर मोठ्या गाण्याचा फक्त राग यायचा.

राहिली डायरी. तुम्ही ती का वाचलीत हे मला कळतं, आणि ती ओळ वाचली नसतीत तर आज इथे नसतात. पण ही गोष्ट लपवून पुढे जाऊ नका. तुम्ही तिला मरणाबद्दल विचाराल तेव्हा तिला शंका येईलच, आणि नंतर कधीतरी कळलं तर समुपदेशकाच्या खोलीतल्या गुप्ततेवरही ती विश्वास ठेवणार नाही. म्हणून आधी तेच सांगा, कारण न देता, थोडक्यात: "मी तुझी डायरी वाचली. विचारून वाचायला हवी होती. पुन्हा वाचणार नाही. त्यात एक ओळ होती, त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे." ती ओरडेल, दार आपटेल. आपटू द्या. त्या रात्री जवळच राहा, तिच्यावर लक्ष असू द्या, पण दार वाजवून समजूत घालायला जाऊ नका. थोड्या वेळाने दाराबाहेरून एवढंच म्हणा की मी इथेच आहे, जागी आहे. मग खरंच जाग्या राहा.